पुरुषोत्तमरावांनी काढलेला मुहूर्त

तिसरी घंटा झाली आहे असं समजा. दिवे मंद होतात, पडदा वर जातो. रंगमंचावर इल्फर्डच्या लायब्ररीतली मागची खोली. डावीकडे कधीच पुरेसा न तापणारा रेडिएटर, उजवीकडे खिडकी, खिडकीबाहेर एप्रिलमधली लांबलेली संध्याकाळ. मध्यभागी निळ्या खुर्च्यांची चळत आणि तिच्यासमोर एक उंच, किंचित वाकलेला माणूस. तो एकेक खुर्ची उचलतो, मांडतो, दोन पावलं मागे येतो आणि रांग सरळ आहे की नाही ते एक डोळा मिटून बघतो. चौदा माणसं येणार हे त्याला ठाऊक आहे. तो चौदाच खुर्च्या मांडतो.

हे पुरुषोत्तम वझलवार. वय शहात्तर, मूळ नागपूरचे. एकाहत्तर साली ब्रिस्टलला विमानांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून आले, पंचाहत्तरपासून इल्फर्डमध्ये आहेत. पुढे कौन्सिलच्या रस्ते विभागात तीस वर्षं झेब्रा क्रॉसिंगची आणि बसथांब्यांची ड्रॉइंग काढून निवृत्त झाले. स्टेशनकडे जाताना आम्ही पांढऱ्या पट्ट्यांवरून रस्ता ओलांडतो, त्यातल्या कितीतरी या माणसाच्या हातच्या आहेत. त्यांनी ते कधी कुणाला सांगितलं नाही. मला त्यांच्या बायकोने, वैजयंतीबाईंनी सांगितलं, तेही तक्रारीच्या सुरात. घरात एक खिळा ठोकायला सांगितला तर आधी त्याचं ड्रॉइंग काढतात, असं त्यांचं म्हणणं.

महिन्यातून एकदा आम्ही म्हातारी माणसं त्या खोलीत जुने सिनेमे लावतो. सिनेमा मी निवडते. आयुष्यभर दुसऱ्यांनी निवडलेली नाटकं केली, त्याचा हा उशिरा काढलेला वचपा. त्या महिन्यात मी एक फ्रेंच सिनेमा आणला होता, साठच्या दशकातला, कृष्णधवल. आपला देश सोडून पॅरिसमध्ये येऊन राहिलेले क्रांतिकारक. वर्षं गेली, केस पिकले, पण क्रांती काही येत नाही. एका प्रसंगात ही मंडळी बंद खोलीत बसून तिकडे देशात संप कधी करायचा त्याची तारीख ठरवतात. तिकडून नुकताच आलेला माणूस सांगतो की तिथे परिस्थिती वेगळी आहे, लोक तयार नाहीत. खोलीतले सगळे त्याच्याकडे प्रेमाने बघतात आणि म्हणतात, तू दमला आहेस.

त्या क्षणी पुरुषोत्तमराव उठले आणि बाहेर गेले.

नाटकवाल्या माणसाला प्रेक्षकांतलं कोण उठलं ते पाठ वळवलेली असूनही कळतं. थोड्या वेळाने मी मागोमाग गेले. ते कॉरिडॉरमध्ये नोटिसबोर्डासमोर उभे राहून रिसायकलिंगची गाडी कुठल्या वारी येते ते वाचत होते. मी विचारलं, बरं नाही का.

"बरा आहे," ते म्हणाले. "ती खोली मी बघितलेली आहे, ताई. आमच्याकडे फक्त पडदे हिरवे होते."

दिवे लागल्यावर ते आत आले आणि खुर्च्या परत चळतीला लावू लागले. तेवढ्यात सुचेता त्यांच्याकडे आली. सुचेता मेडनहेडला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, दोन वर्षांपूर्वी नागपूरहून आली. एकदा गाडी बदलून इतक्या लांब आमच्या सिनेमाला येते ती मुख्यतः पुरुषोत्तमरावांसाठी, कारण ते तिच्या वडिलांचे जुने मित्र. वडील, ज्ञानेश्वर, नागपुरात शाळामास्तर होते. आणीबाणीत सहा महिने तुरुंगात होते. तिने पाठीवरच्या पिशवीतून कागदांचा एक गठ्ठा काढला.

काका, बाबांचं छोटं पुस्तक येतंय, ती म्हणाली. जूनमध्ये आणीबाणीला पन्नास वर्षं होतात, त्या दिवशी प्रकाशन. प्रुफं फायनल आहेत, पुढच्या सोमवारी प्रेसला जायचंय. प्रस्तावना तुम्हीच लिहायची, बाबांनी अगदी क्लिअर सांगितलंय. दोन पानं पुरे.

पुरुषोत्तमरावांनी गठ्ठा घेतला. हातातली खुर्ची त्यांनी खाली ठेवली आणि तिच्यावरच बसले. तिथेच, उभ्या-उभ्या निघालेल्या माणसांच्या गर्दीत, त्यांनी पानं उलटायला सुरुवात केली. एकतिसाव्या पानावर ते थांबले. ते पान मी नंतर वाचलं. त्यात लिहिलं होतं की आम्हा नऊ जणांना पकडून देणारा घरभेदी कोण, हे सांगायला आता हरकत नाही. आणि पुढे पद्माकर असं नाव होतं, आडनावासकट, पत्त्यासकट.

आता थोडं मागे जायला हवं. मागची गोष्ट मला पुरुषोत्तमरावांनी त्या आठवड्यात तुकड्या-तुकड्यांनी सांगितली, काही त्यांच्या स्वयंपाकघरात, काही पार्कातल्या बाकावर. लिहू का, असं मी विचारलं. लिहा, म्हणाले, पण मला चांगलं करू नका.

शहात्तर सालचं इल्फर्ड. एका दुकानावरच्या दोन खोल्या, हिरवे पडदे. दर शनिवारी तिथे पाच मराठी तरुण जमत. कुणी कारखान्यात, कुणी बसवर, एक जण शिकत होता. स्वतःला ते समिती म्हणत. भारतात आणीबाणी होती, वर्तमानपत्रांवर पहारा होता. परत गेलो तर विमानतळावरच उचलतील, असं प्रत्येकाला वाटत होतं, आणि एकदोघांच्या बाबतीत ते खरंही असावं. इथून ते पत्रकं काढत, तिकडे निरोप धाडत. समितीचा प्रमुख पुरुषोत्तम, वय सत्तावीस. वैजयंतीबाई तेव्हा नव्यानेच लग्न होऊन आल्या होत्या. त्या चहा करत आणि ऐकत.

निरोप धाडायची त्यांची एक रीत होती. लग्नपत्रिका. नागपुरात पद्माकर नावाचा त्यांचा मित्र एका लहानशा छापखान्यात कंपोझिटर होता. पुरुषोत्तम मजकूर लिहून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती द्यायचा, पद्माकर अक्षरांचे खिळे जुळवून पत्रिका छापायचा आणि टपालात टाकायचा. वधूवरांची नावं खोटी. मुहूर्त म्हणजे बैठकीची वेळ, कार्यालय म्हणजे जागा. गणपतीचं चित्र, कुलदेवतेचं नाव, सगळं यथास्थित. लग्नपत्रिका कोण उघडून बघतो? दोन बैठका अशा झाल्या, कुणाला पत्ता लागला नाही. पुरुषोत्तमने एक नियम मात्र घालून दिला होता. छापणाऱ्याने बैठकीला जायचं नाही. तो पकडला गेला तर सगळंच बंद पडेल. हा नियम फक्त दोघांना माहीत होता, पुरुषोत्तमला आणि पद्माकरला.

तिसऱ्या बैठकीची तारीख समितीने हिरव्या पडद्यांच्या खोलीत ठरवली. रविवार, एकोणीस सप्टेंबर. का, तर त्या रविवारी लंडनमध्ये यांचा मोर्चा होता. दोन्हीकडे एकाच दिवशी काही घडलं तर इथले पेपर दखल घेतील. रविवार सगळ्यांना सोयीचा. भिंतीवर दुकानातून फुकट मिळालेलं इंग्रजी कॅलेंडर होतं, त्यावर पुरुषोत्तमने पेन्सिलीने गोल केला. ड्राफ्ट्समनचा गोल, कंपासने काढल्यासारखा.

ऑगस्टच्या मध्यावर पद्माकरचं महागाचं हवाई पत्र आलं. चारच ओळी. मंडळी क्षेम. मुहूर्त काही बरा नाही, गुरुजी म्हणतात पितृपक्ष आहे, तुळशीचं लग्न होऊ द्या आणि मग आपलं बघा.

आपल्या वाचकांना हे सांगायला नको. पितरांच्या त्या पंधरवड्यात लग्न राहू द्या, माणसं घरात नवी केरसुणी आणत नाहीत. एकोणीस सप्टेंबर बरोबर त्यात होता. अशा तारखेच्या नऊ पत्रिका टपालात पडल्या तर पहिला जो मराठी माणूस त्यातली एक हातात धरेल तो चक्रावेल. पद्माकरने ते सांगितलं होतं, तेही सांकेतिक भाषा न सोडता.

समितीत ते पत्र मोठ्याने वाचलं गेलं आणि पाचही जण हसले. नागपुरात राहून हा गुरुजींच्या नादी लागला, एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, घाबरलाय. पुरुषोत्तमला पंचांग न बघण्याचा अभिमान होता. स्वतःचं लग्नही त्याने रजिस्टर पद्धतीने, मुद्दाम अमावास्येला केलं होतं. तो म्हणाला, पद्माकर घाबरणारा नाही, तो दमलाय.

स्वयंपाकघरातून नवी नवरी बाहेर आली. त्या आठवड्यात आमच्याकडे आजोबांचं श्राद्ध असतं, असं तिने सांगितलं. पाच माणसांनी तिच्याकडे बघितलं. तिने कप उचलले आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी पुरुषोत्तमने तार केली. मुहूर्त कायम.

आणि पद्माकरने पत्रिका छापली. मला या सगळ्या गोष्टीत तेच फार लागतं. चूक आहे हे ठाऊक असलेल्या माणसाने खिळा खिळा जुळवून ती नीट छापली, कारण वरून तसं आलं होतं. रंगभूमीवर मी अशी माणसं बघितलेली आहेत. दिग्दर्शक चुकतोय हे त्यांना दिसत असतं, तरी ती सांगितलेल्या जागी उभी राहतात आणि शिट्ट्या त्यांनाच पडतात.

एकोणीस तारखेला नऊ जणांना कार्यालयातून उचललं. ज्ञानेश्वर त्यांतला एक. डिसेंबरमध्ये त्याची आई गेली, त्याला बातमी चौथ्या दिवशी मिळाली. मार्चमध्ये सगळे सुटले. सुटल्यावर पहिला प्रश्न एकच होता, फोडलं कुणी? बैठकीची तारीख ठाऊक असून न आलेला माणूस एकच. पद्माकरने सांगितलं की न येण्याचा हुकूम पुरुषोत्तमचा होता, तारखेबद्दल मी त्याला आधीच कळवलं होतं, पत्रिका बघूनच कुणाला तरी संशय आला असणार. ज्ञानेश्वरने इंग्लंडला पत्र लिहिलं. पद्माकर असं असं म्हणतो, खरं आहे का, एवढंच लिही.

पुरुषोत्तमने सहा दिवस घेतले. मग लिहिलं, त्या काळात इतके निरोप जात की नेमकं सांगता येत नाही.

त्यांनी हे वाक्य मला पार्कातल्या बाकावर म्हणून दाखवलं. अठ्ठेचाळीस वर्षांत एक अक्षर इकडचं तिकडे झालं नव्हतं. मी विचारलं, असं का लिहिलंत? ते म्हणाले, तेव्हा वाटलं की थोडे दिवस जाऊ द्यावेत, लोक निवळतील, मग समक्ष सांगू. आणि खरं कारण? खरं कारण हे की लंडनमध्ये तेव्हा माझा सत्कार होता.

दोन वर्षांनी वैजयंतीबाईंचे मामा इंग्लंड बघायला आले. ते टपालखात्यात होते. जेवताना त्यांनी गंमत म्हणून सांगितलं की आणीबाणीत एकदा सॉर्टिंगच्या टेबलावर पितृपक्षातल्या लग्नाच्या पत्रिका आल्या होत्या, आम्ही सगळे पोट धरून हसलो, मग कुणीतरी एक वर पाठवून दिली. जेवणाच्या टेबलाशी वैजयंतीबाई होत्या, पुरुषोत्तम होता. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. मामांना आमटी वाढली.

म्हणजे एकोणऐंशीपासून शंकेलाही जागा राहिली नव्हती. देश कधीचाच मोकळा झाला होता. समितीतले दोघे परत गेले, एक निवडणुकीला उभा राहून पडलाही. पुरुषोत्तमराव मुंबईला गेले, पुण्याला गेले, मुलाला वेरूळ दाखवलं. नागपूरला गेले नाहीत. विचारलं की सांगायचे, उन्हाळा सोसत नाही. एकदा डिसेंबरातही हेच सांगितलं, अशी वैजयंतीबाईंची साक्ष आहे.

तर, प्रस्तावना. तीन दिवसांत त्यांनी तीन लिहिल्या. पहिलीत स्वातंत्र्य होतं, दुसरीत इतिहास, तिसरीत थोडा पश्चात्ताप होता पण कुणाचा ते कळत नव्हतं. वैजयंतीबाईंनी तिन्ही वाचल्या आणि पोळ्या लाटता लाटता निकाल दिला.

"छान आहे. यात सगळे आहेत, फक्त तुम्ही नाही आहात."

"मी प्रस्तावना नाकारतो," पुरुषोत्तमराव म्हणाले. "तब्येतीचं कारण सांगतो."

"सांगा. एकतिसावं पान तसंच छापून येईल."

मग ते म्हणाले की सुचेताला फोन करून एवढंच सुचवता येईल, हयात माणसाचं नाव छापू नये, कायद्याच्या दृष्टीने बरं नसतं. वैजयंतीबाईंनी लाटणं खाली ठेवलं.

"अहो, नाव नाही छापलं तरी नागपुरात सगळ्यांना ते पाठ आहे. त्या दिवशी मी कप उचलून आत गेले, त्याचं मला अजून वाईट वाटतं. तुम्ही मला आणखी एकदा आत पाठवू नका."

शनिवारी वैजयंतीबाईंनीच सुचेताला बोलावलं, दुसऱ्या दिवशी सकाळी. आणि मला फोन केला. तुम्हीही या, म्हणाल्या, परकं माणूस समोर असलं की हे पळत नाहीत.

रविवारी सकाळी साडेनऊला आम्ही चौघं त्यांच्या बैठकीच्या खोलीत. सुचेताने येताना मिठाई आणली होती, प्रस्तावना मिळणार म्हणून. पुरुषोत्तमराव उभे राहिले. मला भीती वाटली की आता भाषण होणार. पण त्यांनी साध्या आवाजात, सगळं क्रमाने सांगितलं. तारीख, पत्र, तार, नियम, ज्ञानेश्वरला लिहिलेलं उत्तर, मामांची गंमत. एकदाही परिस्थिती हा शब्द वापरला नाही. मध्ये वैजयंतीबाईंनी एक साल दुरुस्त केलं, तेवढंच.

सुचेताने मिठाईचा खोका मांडीवर घट्ट धरला होता.

"काका, पद्माकरांनी पुढे स्वतःचा छापखाना काढला, तो आमच्याच गल्लीत, त्यांच्या घरातच होता," ती म्हणाली. "त्या घरावरून जाताना मान वळवायची, हे आम्हाला लहानपणी शिकवलंय. त्यांची मुलगी स्वराली माझ्या वर्गात होती. मी सहा वर्षं तिच्या शेजारी बसले नाही. टीचरने बसवलं तर उठून जायचे. मला वाटायचं, मी ब्रेव्ह आहे."

पुरुषोत्तमराव माफ कर वगैरे म्हणाले नाहीत. मला ते आवडलं, कारण त्या मुलीला त्या क्षणी कुणाचं सांत्वन करायला लावणं हा आणखी एक अन्याय झाला असता.

तिने फोन काढला आणि वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे अडीच वाजले होते. ज्ञानेश्वर खुर्चीत बसले होते, कानात मशीन, मागे औषधांच्या बाटल्या. पुरुषोत्तमला बघून त्यांचा चेहरा उजळला. प्रस्तावना झाली का, त्यांनी विचारलं. पुरुषोत्तमरावांनी पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्या खेपेला ते अवघड गेलं. तारेपाशी आल्यावर पाणी प्यायले, मग पुढे बोलले.

ज्ञानेश्वरांनी कानातलं मशीन काढून पुन्हा नीट बसवलं.

"सत्त्याहत्तरमध्ये मी तुला विचारलं होतं ना बे," ज्ञानेश्वर म्हणाले.

"हो."

"तुझं उत्तर मी जपून ठेवलं आहे. आमची बैठक झाली तेव्हा मी ते पद्माकरच्या तोंडावर वाचून दाखवलं. वीस माणसं होती. तो म्हणाला, पुरुषोत्तम असं लिहिणार नाही, अक्षर दाखवा. मी अक्षर दाखवलं. मग तो उठून गेला. त्याची बायको वारली तेव्हा खांदा द्यायला छापखान्यातली दोन पोरं होती फक्त. मी खिडकीतून पाहिलं."

पुरुषोत्तमरावांनी हात जोडले. पडद्यावरचा माणूस म्हणाला, ते राहू दे. पान मी काढतो, पुस्तकच थांबवतो. पण पुस्तक किती जण वाचणार? तू त्याला सांग. आधी तू सांग, मग मी जातो त्याच्याकडे. आत्ताच सांग, तुझं काही खरं नाही.

स्वरालीचा नंबर सुचेताकडे निघाला. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोघी पाच वर्षं होत्या, एकमेकींशी एक शब्द न बोलता. पुरुषोत्तमरावांनी चष्मा पुसला आणि एकेक आकडा मोठ्याने म्हणत स्वतःच्या फोनवर दाबला. स्पीकर लावा, वैजयंतीबाई म्हणाल्या, आम्हालाही ऐकू दे. त्यांनी लावला.

चौथ्या रिंगला एका बाईचा आवाज आला. पुरुषोत्तमरावांनी नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, इंग्लंडहून बोलतोय म्हणाले. पलीकडे इतका वेळ शांतता होती की तिला हे नाव माहीत आहे हे आम्हा सगळ्यांना कळलं. मागे कुठेतरी पंख्याची घरघर ऐकू येत होती.

बाबा झोपलेत, ती कोरडेपणाने म्हणाली. दुपारी गोळी घेतात, चारला उठतात. काय निरोप आहे तो सांगा, मी त्यांना सांगते.

भिंतीवरच्या घड्याळावरून मी हिशोब केला. तिकडे तीनही वाजले नव्हते. सुचेताने खुणेने सुचवलं की ठेवा, नंतर करू. वैजयंतीबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. पुरुषोत्तमरावांनी खुर्ची ओढली, फोन टेबलावर समोर ठेवला आणि त्याच्यापुढे ताठ बसले.

"निरोप नाही, बेटा. त्यांना उठवू नकोस, झोपू दे. ते उठेपर्यंत मी फोन धरून बसतो."